भांडणाचं मूळ शोधणारे शांतिलालजी

वाशीमच्या बाजारात कुठं दोन माणसं एकमेकांची कॉलर धरू लागली, की माझ्या शेजारचे शांतिलालजी कापड मोजायचा गज गादीवर टाकतात आणि तांब्याभर पाणी घेऊन तिथं पोचतात. भांडण सोडवायला नव्हे. दोघांना पाणी पाजून ते एकच विचारतात, "सकायपासून काय खाल्लं?"

एकदा सवारीवरून दोन ऑटोवाले जुंपले. एक म्हणाला, काहीच नाही. दुसरा म्हणाला, "दोन प्लेट पोहे." शांतिलालजींनी त्याच्याकडे दुखावल्यासारखं पाहिलं. "मंग तू कायले भांडून राह्यला?" ऑटोवाल्यानं कॉलर सोडली.

त्यांचा सिद्धांत असा, की माणूस धर्मासाठी भांडत नाही. तो उपाशी असतो, रिकामा असतो, नाहीतर उकाड्यानं वैतागलेला असतो. धर्म त्याला मागून आठवतो.

हा सिद्धांत खोडायला रोज दुपारी वानखडे मास्तर येत. मूळचे मेडशीचे, विज्ञान शिकवून निवृत्त झालेले.

"धर्मच हाये मूळ. तो काढा, भांडनं संपते."

"वावराच्या धुऱ्यावरून सख्खे भाऊ कुऱ्हाडी काढते, त्याईचा धर्म येकच राह्यते ना, मास्तर?"

"आन परवा लग्नात पंगती उठल्यावर मारामारी झाली, ते? सारे पोटभर जेवले होते."

शांतिलालजींनी थोडा विचार केला. "पंखे बंद होते."

मी शेजारी झेरॉक्स काढत हे ऐकत असे.

मग एका मिरवणुकीत भोंग्यावरून बाचाबाची झाली आणि दोन्हीकडून दगड आले. एक शांतिलालजींची काच फोडून साड्यांच्या ढिगात पडला. पोलिसांनी धरलेल्या पोरांत वानखडे मास्तरांचा पुतण्या निघाला. बाप लहानपणीच गेला, म्हणून मास्तरांनीच वाढवलेला. घरात देव्हारा नाही, पूजा नाही. पोरगा डिग्री घेऊन कधीचा घरी बसला होता.

बाजारानं निकाल लावला: वाद शांतिलालजी जिंकले. मीही तसं बोलून दाखवलं. ते फुटलेल्या काचेवर पुठ्ठा लावत राहिले.

मास्तर यायचे बंद झाले. शांतिलालजी सवयीनं दोन चहा सांगत. दुसरा निवू लागला की मला हाक मारत. पण माझा त्यांना उपयोग नव्हता. मला सगळंच लगेच पटतं.

एका दुपारी त्यांनी शटर अर्धं ओढलं. मला म्हणाले, "चाल."

मास्तर घराच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "कोनत्या तोंडानं येऊ तुमच्या दुकानात?"

शांतिलालजींनी जणू ते ऐकलंच नाही. शेजारी मांडी घालून बसले. "मास्तर, तुमीच बरोबर होते. धर्मच हाये मूळ. म्या उगाच वाद घातला."

आता मास्तरांनी मान वर केली. "नाई, शांतिलालजी. आमच्या घरात कुठं हाये धर्म? पोट्टं घरी बसून सडून राह्यलं होतं. कोनी तरी त्याले ये म्हटलं. त्याले तेवढंच पाह्यजे होतं."

"असं कसं? मिरवणूक तं धर्माचीच होती."

"होती. पन ऐका ना..." मास्तरांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. एकमेकांची बाजू घेऊन दोघं ऊन उतरेपर्यंत भांडले. मास्तरीणबाई दारात येऊन पाहून गेल्या आणि न विचारता चहा टाकला.

परतताना मी विचारलं, "खरंच मत बदललं काय तुमचं?"

"नाई."

शांतिलालजींची मुलं पुण्याला असतात. बायको जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"गिऱ्हाईक बोलते, ते कापडाच्या भावाचं," शांतिलालजी म्हणाले. "घरी तं भिताडंच हायेत. मास्तर नाई आला, तं म्या बोलू कोनासंग?"