टेगूबायचं बिऱ्हाड

आमचे भावजी भर दुपारी अंगणात पालथे पडायचे. गाल मातीला लावून, डोळे मिटून. दांडी गावच्या रस्त्याला आमचं घर, जाणारा-येणारा बघत थांबायचा. बोईसरच्या कारखान्यातला एक कामगार तर सायकल टाकून धावत आला. "चाचा गिर गये! पानी लाओ!"

भावजींनी एक डोळा उघडला. "गिरा नहीं. जमीन देखता है."

काय बघायचे, तर तिच्या पोटाला किती ऊन लागंल ते. ती म्हंजे टेगूबाय.

भावजी म्हंजे माझ्या मालकांचे धाकटे भाऊ, दामू. उभा जन्म मोठ्या जहाजावर गेला, लगीन केलं नाय. मालक वारले त्याच्या दुसऱ्या वर्षी नोकरी सोडून कायमचे घरी आले. संगती एक ट्रंक नि भोकं पाडलेला लाकडी खोका. मला वाटलं, परदेशी कोंबडी असंल. झाकण काढलं तर आत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची घोरपड! माझ्याकडं बघून दोन टोकांची जीभ काढली.

"घाबरू नको वैनी. तिकडल्या मुलखातली हाय. टेगू बोलतात हिला. लय गरीब जात."

"गरीब तर मी पन हाय," मी बोलली. "मला पन खोक्यात घाला."

मी तेव्हा भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजाराला जायची. पाय सुजायचे, पन बसून चालत नव्हतं. घरी येऊन बघते तर कोंबड्या माझ्या चुलीपाशी नि टेगूबाय कोंबड्यांच्या खुराड्यात.

ते खुराडं पन भावजींना पटलं नाय. "शेपटीसकट वळता आलं पायजे तिला. नि हवा खेळली पायजे!"

हे त्यांचं पालुपद. भाताच्या टोपावर झाकण ठेवलं तर काढायचे, हवा खेळली पायजे. शेजारच्या काशीबायचं सुनेशी भांडण झालं तर म्हणायचे, त्या घरात हवाच खेळत नाय, भांडतील नाय तर काय करतील?

मग पडवीला लागून नवा पिंजरा उभा राहिला. पयला दांडीच्या कोळ्यांकडलं जुनं जाळं लावलं, ते तिनं नखांनी उसवलं. मग तारेची जाळी आली. वर पत्रा टाकला, तर आत भट्टी पेटल्यासारखं झालं. पत्रा काढून माडाचे झाप घातले. खाली गुडघाभर खणून वाडीची भुसभुशीत माती भरली, वर चिकूचा पाला. एका अंगाला उन्हात काळा दगड, दुसऱ्या अंगाला सावली. "गरम झालं तर इकडं, गार वाटलं तर तिकडं. तिची मर्जी." डुंबायला माझं कपडे भिजवायचं घमेलं गेलं. खायला मांदेली, पपई, नि माझ्या कोंबडीचं अंडं. मला नुसतं कोंबडीचं ओरडणं.

काशीबायचे गुडघे धरलेले. घोरपडीचं तेल गुडघ्याला गुणाचं बोलतात, म्हणून ती रोज कुंपणावरून विचारायची, "दामूदादा, तेल कदी काढनार हिचं?" भावजींनी तिच्याशी बोलणंच टाकलं. पिंजऱ्याला कुलूप लागलं नि चावी करदोट्याला.

भावजी कुठं जायचे नायत. पालघरला निघाले तरी अर्ध्या वाटेतून परत. पिंजऱ्यापाशी येऊन आधी विचारायचे, "हाय का?" मी वैतागायची. "नसंल तर कुठं जाईल? चावी तर तुमच्या कमरेला!"

दिवाळी झाली, गारवा सुटला, नि बायनं खाणं सोडलं. अंडं तसंच, मांदेली तशीच. मग एक दिवस माती उकरून आत गेली ती वर येईना. भावजींचा चेहरा उतरला. तिला पोत्यात घालून पालघरला गुरांच्या डॉक्टरकडं नेली. डॉक्टर बिचारा लांबूनच म्हणाला, "शेपूट सोडलं तर हिचं मला काहीच ओळखीचं नाही."

भावजींनी ठरवलं, तिला थंडी बाधली. वाडीत आंब्याची आढी घालतात तशी त्यांनी तिची आढी घातली. खाली पेंढा, वर पेंढा, त्यावर गोणपाट, बाजूला तापलेल्या विटा.

"भावजी," मी बोलली, "ती पिकायची नाय हो!"

ते हसले नायत. आतला पेंढा घामेजला, कुबट वास सुटला. गोणपाट उचललं तर बाय बाहेर पडली, पन कशी? नाकातनं पाणी, मान टाकलेली. भावजी तिच्यापाशी खाली बसले. "मीच मारली, वैनी. हवाच बंद केली मी तिची."

पेंढा जाळला, माती उपसून नवी कोरडी भरली. ती हळू सरकत परत आत गेली. झोपायला का मरायला, ते कुणाला ठावं नव्हतं. त्या दिसापासून भावजी पिंजऱ्यापाशी बसून. मातीत हात घालून चाचपायचे, नि हात तसाच आत ठेवायचे. जेवण ताटात सुकायचं.

शिमगा जवळ आला. उमरोळीला त्यांच्या मावसभावाच्या मुलीचं लगीन निघालं. मी विधवा, मला मांडवात कोण पुढं बोलावणार? घरचं माणूस म्हणून त्यांनीच जायला पायजे.

"मी नाय जात."

"का नाय?"

ते मातीकडं बघत बोलले, "आई गेली, मी पाण्यावर. दादा गेला, मी पाण्यावर. कळलं तवा सगळं होऊन गेलेलं. ही जाईल तवा मी इथं पायजे."

त्यांचा हात धरून मातीतनं काढला, माझा आत घातला. "मी बसते. हात काढणार नाय. जा तुमी."

चावी माझ्यापाशी ठेवून गेले. मी बसली. गार माती, नि तळाशी काहीतरी खडबडीत, हलत नव्हतं. ऊन जाळीवर आलं. माझ्या बोटांखाली ते खडबडीत एकदम सरकलं. मी ओरडली, पन हात ठेवला. माती फुगली, आधी नाक आलं, मग डोळे, मग सगळी बाय. हाडकी, मातकट, थंडीभर झोपून उठलेली. सरळ काळ्या दगडावर जाऊन पसरली. मी अंडं फोडून ठेवलं. जिभेनं चाचपलं, नि चाटून खाल्लं.

भावजी अक्षता पडल्या पडल्या परत आले. वाकड्या टोपीनं फाटकातच उभे. आत यायचा धीर होईना.

"वैनी?"

"अंडं खाल्लं," मी बोलली.

ते पायरीवर बसले, नजर तिच्यावर. मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, घरी आल्यापासून पयल्यांदा. "दादा गेला तवा... शेवटी काय बोलला?"

"पेजेत मीठ नाय, असं बोलले."

"नव्हतं?"

"होतं. त्यांच्या तोंडाची चव गेली होती. मी अजून थोडं घातलं नि भरवलं."

"खाल्लं का?"

"वाटीभर."

भावजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "खाल्लं ना," ते हळूच बोलले. "बरं झालं."