विहीणबाई आतच असणार

हेडक्लार्कांनी निवृत्तीनंतर तुर्की शिकायला घेतली, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "आधी घरात मराठी तरी बोला." पण लेक दिली होती तुर्की घरात, आणि तिची सासू पहिल्यांदाच राहायला येणार होती. ती इथे मुक्यासारखी बसली, तर आपली लेकही तिथे तशीच बसत असेल, हे बापाच्या मनाने घेतलं. म्हणून गडी पुस्तक घेऊन बसला. (साठीनंतर जीभ वळवून दाखवा, मग हसा!)

तुर्कीत दोन नामं जोडली, की दुसऱ्याला शेपूट फुटतं. 'बान्यो' म्हणजे न्हाणीघर, 'कापी' म्हणजे दार, आणि न्हाणीघराचं दार ते 'बान्यो कापीसी'. हेडक्लार्क घरभर शेपट्या जोडत हिंडले. पण त्यांचा खरा जीव जडला 'ओल्माली'वर. डोळ्यांनी पाहिलं नाही, नुसतं खुणांवरून ताडलं, की शेवटी 'ओल्माली' लावायचं. म्हणजे, असणारच!

"काय प्रामाणिक भाषा आहे बघ! अंदाज तो अंदाज म्हणूनच सांगते."

"नाहीतर तुम्ही. अंदाजसुद्धा शपथेवर सांगता."

विहीणबाई आल्या. गोड हसल्या, मान डोलावली, पण 'हो-नाही'च्या पुढे गाडी सरकेना. हेडक्लार्क मनात झुरले.

दुसऱ्या दिवशी ते सकाळी फिरून आले, तर घर सामसूम. न्हाणीघराबाहेर विहीणबाईंच्या सपाता, दार घट्ट, आत नळाची धार. "बान्योदा ओल्माली! न्हाणीघरातच असणार!" त्यांनी स्वतःलाच शाबासकी दिली आणि पेपर उघडला. पेपर संपला, धार संपेना. त्यांनी टिचकी मारली, अदबीने तुर्कीत विचारलं. उत्तर नाही. मग दुसरं अनुमान: घसरून पडल्या असणार! लेकीला काय तोंड दाखवायचं? धडका मारून खांदा सुजला, दार ढिम्म. धावत जाऊन त्यांनी कोपऱ्यावरच्या सुताराला आणलं.

सुताराने बिजागऱ्या उकलून दार उतरवलं. हेडक्लार्क डोळे मिटून, टॉवेल पुढे धरून उभे.

"उघडा डोळे, साहेब. आत चिटपाखरू नाही. कडीसुद्धा लावलेली नव्हती. दार फुगून अडकलं होतं."

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन बायको आणि विहीणबाई हजर. "अगंबाई, नळ चालूच राहिला की!" म्हणत बायको आत धावली. विहीणबाईंनी सोफ्याला टेकवलेलं दार पाहिलं, घामाने निथळणारे, गुडघे जुळवून उभे असलेले व्याही पाहिले, हातातला टॉवेल पाहिला, आणि एक अख्खं वाक्य बोलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग जी बोलायला लागली बाई, ती थांबेचना.

हेडक्लार्क उजळले. "ऐकलंस? ओल्माली म्हणाल्या! खुणांवरून अनुमान! मला शब्दन् शब्द कळला!"

"पण म्हणाल्या काय?"

हेडक्लार्कांचा चेहरा उतरला. पण दुभाषा इमानी होता.

"म्हणाल्या, यांना फारच जोराची लागली असणार."

सुतार हत्यारं गोळा करता करता थांबला. "मग आधी बोलायचं ना, साहेब! आमच्या दुकानामागे सोय आहे."