मोटारीवाचून मत्स्यालयावर केलेल्या स्वारीची हकीकत

तमाम बसथांब्यांवर तिष्ठणारे, फलाटांवर धापा टाकीत धावणारे, आणि दुसऱ्याच्या मोटारीत मागल्या सीटवर मुकाट बसणारे जे लहानथोर, त्यांस विदित व्हावे की, कुलूपवाल्यांच्या घराण्याने थोरल्या शहरातील मत्स्यालयावर मोटारीवाचून स्वारी केली, ती कशी उद्भवली, कोठे बुडाली आणि कैसी तरली, याची हकीकत येणेप्रमाणे लिहिली आहे. लिहिताना कोणाची भीड धरिली नाही. भीड धरून लिहिलेली बखर आणि न लागणारे कुलूप, दोन्ही भंगारात जातात.

पूर्वपीठिका ऐसी. सासरेबुवा खासे कुलपे, कड्या, खिट्या यांचे उस्ताद. त्यांचा थोरला पुत्र दुकानी बसे. त्याची बायको सूनबाई, याच या मोहिमेच्या सेनापती, आणि त्या दुकानामागच्या यंत्रावर किल्ल्या घासत असत, तेणेकरून त्यांच्या केसांत पितळेचा कीस सदैव चमके, तोच त्यांचा शिरपेच. धाकटा पुत्र, ज्यास सूनबाई भावजी म्हणत, तो मोटारीचा धनी. आणि ज्याच्या हाती स्टिअरिंग त्याच्या हाती घर, हा जगाचा नादान दस्तूर असल्याकारणे, घराण्याची स्वारी कधी निघावी, कोठे जावी, कोणी खिडकीशी बसावे आणि काच किती खाली करावी, हे सर्व भावजींच्या हुकमाने चाले. त्या मोटारीतून घराण्याने टायरवाले पाहिले, बॅटरीवाले पाहिले, भावजींच्या मित्राचे गॅरेज ऐन उन्हात पाहिले आणि पुन्हा एकदा पाहिले, कारण पहिल्या खेपेस मित्र घरी नव्हता. सासूबाईंस हौस ऐसी की, जन्मात एकदा मोठा मासा जिता पाहावा, आणि काचेपलीकडून त्यानेही आपल्याकडे पाहावे. परंतु मत्स्यालयाचे नाव निघताच भावजी म्हणत, "तिथे पार्किंग नाही, आई," आणि विषय मिटे. पार्किंग नाही या एका सबबीवर त्या घराने निम्मे जग पाहावयाचे सोडिले होते.

मग एके दिवशी जेवणाच्या टेबलावर, भाजीचे भांडे सरकवता सरकवता, सूनबाई बोलून गेल्या की, "ट्राम जाते की तिथे."

भावजींनी घास खाली ठेविला, आणि हसले, आणि ते हसणे ऐसे होते की जे ऐकून शांत माणसानेही पळी उचलावी.

"ट्रामने? आईबाबांना घेऊन? वहिनी, तुम्हाला आपल्या गल्लीतून बाहेर पडताना उजवीकडे वळायचं की डावीकडे, ते मला विचारावं लागतं."

"कारण तुम्ही सांगितल्याशिवाय थांबत नाही, भावजी."

त्याजवरून बोलाचाली वाढली, आणि अखेर भावजींनी तहाची कलमे घातली. कलम पहिले: जावे, खुशाल जावे. कलम दुसरे: पाय दुखले, वाट चुकली, तोंडचे पाणी पळाले, आणि मोटार घेऊन या म्हणून फोन आला, तर त्या क्षणापासून घरच्या सहलींबाबत कोणी चकार शब्द काढू नये. सूनबाईंनी पुसले, "आणि नाही आला फोन तर?" भावजी उदार होवोन म्हणाले, "तर तुम्ही ठरवा. मी मागं बसेन." सासूबाईंनी या बोलण्यास मान डोलाविली आणि त्या बोलण्यासही डोलाविली. आपण कोणाच्या पक्षाच्या, हे अंगावर येईतो सांगू नये, हे त्यांचे राजकारण, आणि त्या जोरावर त्यांनी अवघा संसार निभाविला.

सूनबाईंचे पणास काय लागले हे उघड लिहितो. लग्न होवोन आल्यापासून त्या जेथे जेथे गेल्या, तेथे नेल्या म्हणून गेल्या. आपण होवोन, आपल्या अकलेने, दारातून निघून एखादे ठिकाण गाठिले, ऐसे एकदाही घडले नव्हते. फोन गेला असता तर पुढेही घडणार नव्हते. एवढीच गोष्ट, आणि एवढ्या गोष्टीपायी लोक लढाया करितात.

मग खलबते सुरू जाहली. शहराचा नकाशा किल्ल्यांच्या यंत्रावर पसरिला, निळ्या रेषेने मेट्रोतून शहराच्या पोटात शिरावे, तेथे वर निघून तांबड्या रेषेची ट्राम धरावी, आणि शेवटल्या थांब्यावर मत्स्यालयास गाठावे, ऐसा बेत ठरला. थोरल्या पुत्रास दुकान राखण्यास ठेविले. त्याने ते इतक्या खुशीने कबूल केले की सूनबाईंनी ती खुशी मनात टिपून ठेविली. रसदेचा भार सासूबाईंनी उचलिला, आणि उकडलेली अंडी, फळे, पाण्याच्या बाटल्या, स्वेटर, जादा स्वेटर, छत्री आणि एक उशी ऐसा डोंगर रचिला. सेनापतींचा हुकूम सुटला की, माणशी एकच पिशवी. सासूबाई म्हणाल्या, "बरं. मग उशी मी हातात घेते." हुकमात उशीचा उल्लेख नसल्याकारणे इलाज चालला नाही.

रविवारी सकाळी फौज कूच करती जाहली. भावजी दिसले नाहीत. सूनबाईंस वाटले, झोपले असतील. आणि ही गफलत त्या दिवशी सूनबाईंच्याच पथ्यावर पडली.

मेट्रोच्या दारी पहिली चकमक तिकिटाच्या यंत्राशी जाहली. ते यंत्र नोट घेई, विचार करी, आणि जीभ दाखवावी तैसे परत बाहेर काढी. ज्या कोणी ते बनविले त्याने जन्मात घाईत तिकीट काढिले नसावे, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाचे सुस्कारे तर मुळीच ऐकिले नसावेत. सूनबाईंनी नोट मांडीवर घासून सरळ केली, यंत्रास दटाविले, आणि तिकिटे हस्तगत केली. मग फिरत्या खिट्यांच्या दरवाजाशी सासरेबुवांनी घोळ घातिला. त्यांनी तिकीट लाविले, खिटी फिरली, ते पार जाहले, आणि "अहाहा, काय बसवलीय बघ!" म्हणोन मागली बाजू पाहावयास पुन्हा बाहेर आले. आता तिकीट खर्ची पडलेले. पहारेकऱ्याने बाजूचे दार उघडून त्यांस आत घेतले, तेव्हा त्या दाराची कडीही त्यांनी दोनदा ओढून पाहिली. हा त्यांचा जन्माचा नेम. कडी, मूठ, दांडा, जे दिसेल ते ओढून पाहिल्यावाचून त्यांचा हात पुढे सरत नसे. पाहुण्यांच्या घरी गेले तरी चहाआधी खिडक्या तपाशीत.

सरकत्या जिन्यापुढे सासूबाई उशी कवटाळून थबकल्या, आणि "हा मला नेणार की मी याला?" ऐसा सवाल केला. मागे गर्दी तटली. सूनबाईंनी त्यांचा हात धरिला, एक म्हणता पाय टाकिला, आणि सासूबाई खाली पोचताच ऐशा प्रसन्न जाहल्या की, वर जाऊन पुन्हा उतरू या म्हणाल्या. निळ्या रेषेची गाडी वाऱ्यासारखी धावली. बोगद्यात काचेत तिघांची तोंडे दिसत होती आणि तिन्ही तोंडे हसत होती. सूनबाईंस वाटले, मुलूख सर जाहला. सेनापतीने ऐसे वाटून घेऊ नये.

तांबड्या रेषेच्या ट्राममध्ये जागा मिळाली, खिडकी मिळाली, सर्व यथास्थित चालले होते. आणि सासरेबुवांच्या शेजारी भिंतीस एक तांबडा दांडा होता. तो किंचित हलत असे. सासरेबुवांनी त्याजकडे पाहिले. दुसरीकडे पाहिले. पुन्हा त्याजकडे पाहिले. मग "सैल आहे" इतकेच बोलून त्यांनी तो ओढिला.

ट्राम ऐशी थांबली की उशी तिसऱ्या बाकावर गेली. घंटा वाजू लागली, दिवे लुकलुकले, आणि कंडक्टरबाई वादळासारख्या आल्या.

"कोणी ओढलं?"

"मी," सासरेबुवा म्हणाले. "सैल होता."

"अहो बाबा, तो ओढायचा नसतो!"

"मग बसवला कशाला?"

"संकटात ओढायला!"

"आणि संकटात सैल निघाला म्हणजे?"

कंडक्टरबाईंनी दांडा जागी बसविला, आणि तिघांसही पुढल्या थांब्यावर उतरविले. उशी कोणा भल्या माणसाने खिडकीतून बाहेर दिली.

तो थांबा म्हणजे एक बाक, एक लांबच लांब भिंत, आणि एक पाटी, जिजवर पुढली ट्राम येण्याची वेळ उमटावी, ती उमटेना. केवळ 'उशीर' ऐसा एकच शब्द तांबडा पेटून राहिला. लोक जमू लागले, ट्राम येईना. अंडी संपली, ट्राम येईना. सासूबाईंच्या पायांस गोळे आले. सासरेबुवा बाकाचे बोल्ट तपाशीत बसले, कोणाच्या नजरेस नजर देईनात. सूनबाईंनी नकाशा उलटा धरिला, सुलटा धरिला. बस नाही, मेट्रो नाही, आणि चालत जावे तर सासूबाईंचे पाय नाहीत.

अखेर सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, पुरे झालं. लाव त्याला फोन."

"येईल हो आई, इतक्यात येईल."

"अगं, मत्स्यालय बंद होईल. इतकं येऊन मासाच नाही बघायचा का मी? लाव."

बॅटरी संपली म्हणावे, रेंज नाही म्हणावे, ऐशा सबबी जिभेपर्यंत आल्या. पण बाकावर पाय चोळीत बसलेल्या सासूपुढे त्या बाहेर पडेनात. थोबाडीत खाण्यास गाल पुढे करावा तैसा त्यांनी फोन कानास लाविला. मोटार घेऊन या, हे शब्द ओठांवर जुळविले. पलीकडे फोन उचलला गेला, आणि सूनबाईंनी तोंड उघडण्याआधीच आवाज आला:

"वहिनी! तुम्हाला कसं कळलं?"

सूनबाई चतुर. त्यांनी जुळविलेले शब्द गिळिले आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा."

मग भावजींनी रडत कढत जी हकीकत सांगितली ती ऐसी. फोन येणारच, शरणागती घ्यावयास आपण जवळ असावे, म्हणोन भावजी पहाटेच मोटार काढून मत्स्यालयाच्या दारी जाऊन बसले होते. पार्किंग नव्हते, हे त्यांचेच वचन खरे ठरले. तेव्हा चहापुरती, अगदी चहापुरती, त्यांनी मोटार ट्रामच्या रुळांवर लाविली. मागे एक ट्राम अडली, तिच्यामागे दुसरी, ऐसे करिता करिता अवघी तांबडी रेषा तुंबली, शहर खोळंबले, आणि सरकारी क्रेनने मोटारीस मागल्या पायांनी उचलून नेले. भावजी हाती चहाचा पेला घेऊन फुटपाथावर उभे.

"आता मी घरी कसा येऊ, वहिनी? इथून काय धरायचं असतं?"

सूनबाईंनी पाटीकडे पाहिले. 'उशीर' विझला होता. रूळ गुणगुणू लागले होते.

"तिथंच उभे राहा, भावजी. कुठं हलू नका. आम्ही ट्रामने येतोय."

तुंबलेल्या ट्रामी मोकळ्या जाहल्या, त्यांतलीच एक आली, आणि दैव ऐसे की कंडक्टरबाई त्याच, पुढली गाडी अडकली म्हणोन मागल्या गाडीवर नेमिलेल्या. त्यांनी सासरेबुवांस नखशिखांत न्याहाळिले आणि फर्माविले, "बाबा, हात खिशात." सासरेबुवा शेवटल्या थांब्यापर्यंत हात खिशात घालून बसले, आणि सासूबाईंनी खबरदारी म्हणोन त्यांच्या आणि दांड्याच्या मध्ये उशी कोंबिली.

मग दारातून भावजींस संगती घेऊन सर्व आत शिरले, आणि मत्स्यालयात जे जाहले त्यास तोड नाही. निळ्या काळोखात भिंतीएवढी काच, आणि काचेपलीकडून एक मासा आला तो मोटारीएवढा. तो सासूबाईंसमोर थांबला. त्याने त्यांजकडे पाहिले, तोंड उघडिले, मिटिले. सासूबाईंनीही तोंड उघडिले, आणि मिटावयाचे विसरल्या. सूनबाई माशाकडे पाहत नव्हत्या. त्या सासूबाईंकडे पाहत होत्या, आणि आपण यांस येथे आणिले, हे मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

ऐशा समयी भावजींची अक्कल, जी दिवसभर झोपली होती, ती जागी जाहली.

"पण वहिनी, एक मिनिट. फोन तर तुम्ही केला होता मला. कशाला केला होता?"

सासरेबुवांनी हात खिशात अधिक खोल घातिले. तह, कलमे, पुढल्या साऱ्या सहली, सर्व त्या एका सवालावर येवोन लटकले. सूनबाई खोटे बोलू जाणत नव्हत्या, आणि खरे बोलावे तर सर्वस्व बुडत होते.

तेव्हा सासूबाई, काचेवरून नजर न काढिता, जन्मात प्रथमच एका पक्षास जावोन मिळाल्या.

"मी करायला लावला. म्हटलं, पोरगं घरी एकटंच असेल, जेवलं की नाही ते विचार. का रे? गुन्हा झाला?"

"नाही, आई," भावजी म्हणाले.

"मग सरक जरा. मासा दिसत नाहीये."

आणि भावजी मागे सरकले.

येणेप्रमाणे मत्स्यालय फत्ते जाहले, चौघेही ट्रामने आणि मेट्रोने सुखरूप परतले, आणि कुलूपवाल्यांच्या घरच्या सहलींचा कारभार त्या दिवसापासून सूनबाईंकडे कायम करण्यात आला, तो वंशपरंपरेने चालावा. पुढली स्वारी डोंगरावरच्या, तारेवरून जाणाऱ्या पाळण्याच्या गाडीवर नेमिली असे. सासरेबुवांस नेण्याबद्दल खल चालू आहे. भावजींची मोटार जप्तीच्या आवारात असून, तेथे जाण्यास कोणती बस पडते ते सूनबाईंनी त्यांस समजावून दिले आहे. फोनाचे खरे कारण थांब्यावरील तिघांस ठाऊक. ते भावजींच्या कानी जाऊ नये, ऐसा सासूबाईंचा सक्त हुकूम आहे. सबब ही बखर वाचणाराने त्यांजसमोर मोठ्याने वाचू नये.