डॉक्टरांची हनुवटी

बाईंचा खालचा जबडा पुढे आला होता. वरच्या दातांची खालच्यांशी गाठ पडत नसे. वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवणाऱ्या या शिक्षिकेला घरी सफरचंद किसून खावं लागे. शस्त्रक्रियेने हे सुटेल, हे त्यांना पटलं होतं. पण संमतीपत्र समोर आलं की त्या पर्स उचलत आणि म्हणत, "घरी विचारून सांगते." असं तीनदा झालं होतं.

चौथ्या खेपेला डॉक्टर तयारीत होते. कुठे आणि किती कापायचं ते सांगणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर त्यांनी बाईंचा चेहरा आणला, जबडा सहा मिलिमीटर मागे सरकवला आणि नवा चेहरा फिरवून फिरवून दाखवला.

"आधी इथे कापतो, मग तिथे. यंत्र कधी चुकत नाही, बाई."

"आणि चुकलं तर?"

"थांबा, माझाच चेहरा घालून दाखवतो!"

यंत्र नवं आलं तेव्हा डॉक्टरांनी हौसेने स्वतःचाही स्कॅन काढून ठेवला होता. ज्याला गरज नाही त्याला यंत्र उगाच कापायला सांगत नाही, एवढंच त्यांना सिद्ध करायचं होतं. स्वतःच्या चेहऱ्याबद्दल त्यांना आजवर कसलीही शंका आली नव्हती. त्यांनी ऐटीत बटण दाबलं.

पडद्यावर त्यांच्या हनुवटीभोवती लाल रेघ उमटली. 'हनुवटी डावीकडे पाच मिलिमीटर वाकडी. शस्त्रक्रिया योग्य.'

डॉक्टरांनी पुन्हा बटण दाबलं. यंत्र आपल्या मतावर ठाम होतं.

"अगंबाई!" शेजारी फाइल धरून उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या. "इतकी वर्षं मला वाटायचं, तुमचा चष्माच वाकडा बसतो."

"यंत्राचं काहीतरी बिघडलंय," डॉक्टर म्हणाले.

"मग माझंही चुकीचंच दाखवलं असणार." बाईंनी पर्स उचलली.

आली का पंचाईत! हनुवटी वाचवावी तर पेशंट जातो. पण माणूस मुळात प्रामाणिक.

"बसा, बाई. यंत्र बरोबर आहे."

बाई बसल्या. त्यांनी लाल रेघेकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे पाहिलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, या खोलीत वाकडं काय ते आपलंच. त्यांची भीती कुठल्या कुठे पळाली. त्यांनी ठसठशीत सही केली, आणि गठ्ठ्यातलं दुसरं कोरं संमतीपत्र पेनासकट डॉक्टरांपुढे सरकवलं.

"करा सही. घाबरायचं नाही," त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. "आधी इथे कापतात, मग तिथे."

डॉक्टरांनी चष्मा सरळ केला.

"घरी विचारून सांगतो," ते म्हणाले.