साचेवाल्याची कॉफी

"सर, कपातून फक्त कॅफीन उचलीन. चवीला हात लावणार नाही, वासाकडे बघणारही नाही," असं साचेवाल्याने सगळ्या प्रयोगशाळेसमोर सांगून टाकलं, तेव्हाच खरं तर कोणीतरी त्याचं तोंड धरायला हवं होतं. पण सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. कॉफीने त्यांचे हात थरथरायचे, म्हणून डॉक्टरांनी ती बंद केली होती. तेव्हापासून एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेचा हा प्रमुख दुसऱ्यांच्या कपांवरून नाक फिरवत हिंडायचा.

साचेवाला हे त्याला प्रयोगशाळेने दिलेलं नाव, कारण तो दिवसभर साच्यांबद्दलच बोलायचा. त्याचं काम समजायला सोपं होतं. कॅफीनच्या रेणूंभोवती प्लॅस्टिकच्या जातीचा एक पदार्थ घट्ट होऊ द्यायचा, मग आतलं कॅफीन धुऊन काढायचं. मागे उरतात बरोबर त्याच्या मापाचे खड्डे. पुढे कितीही गर्दीत सोडा, खड्डा आपलं माणूस ओळखतो आणि धरून ठेवतो. हा साचा क्लोरोफॉर्म नावाच्या द्रवात बनायचा आणि त्याची परीक्षाही क्लोरोफॉर्ममध्येच व्हायची. निकाल इतके देखणे यायचे, की त्यांतला एक आलेख फ्रेम करून त्याने टेबलावर ठेवला होता, लग्नाच्या फोटोच्या पुढे.

"एकदा पाण्यात करून बघ रे," शेजारच्या टेबलावरून ताई म्हणायच्या. त्या त्याला सीनियर होत्या, आणि त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा खरं निघायचं, म्हणून तो त्यांचं ऐकत नसे.

"बघू की, ताई. चाललंय ते छान चाललंय. कशाला उगीच दृष्ट लावायची?"

आता एका कंपनीच्या मॅनेजरबाई हा साचा कुटून केलेली पावडर बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडली तर साचेवाल्याची नोकरी कायम होणार होती. नाही तर महिनाअखेरीस गाशा गुंडाळायचा. बायकोला त्याने "झालंच समज" असं सांगितलं होतं, बायकोने ते लगोलग माहेरी कळवलं होतं आणि सासऱ्यांनी अभिनंदनही करून टाकलं होतं. म्हणजे परतीचे दोर घरच्यांनीच कापलेले.

बाई आल्या. साचेवाल्याने धुऊन वाळवलेली पावडर ताज्या कॉफीत घातली, कॉफी ढवळली, गाळली. गाळून जे आलं ते चिंधी पिळल्यावर येतं तसं होतं.

"रंग जरा उतरलाय," बाई म्हणाल्या.

"सात्त्विक झालीये," साचेवाला म्हणाला.

सरांनी कप उचलला. वास घेताना नाक जवळजवळ बुडालं, पण वास काही हाती लागला नाही. मग त्यांनी घोट घेतला.

"अरे, चव कुठंय?"

"तुमची सवय मोडलीये, सर. जिभेला जरा वेळ द्या."

सरांनी वेळ दिला. कॅफीन काढलेलंच आहे, मग भीती कसली, असा विचार करून जिभेला दुसरा कपही दिला. तिसऱ्या कपात चव सापडली नाही, पण सरांचा पाय टेबलाखाली शिलाई मशीनसारखा चालू लागला. ते बाईंना प्रयोगशाळेचा इतिहास सांगायला लागले आणि एक वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू करायला लागले. बाई मान डोलावत होत्या. कप बशीवर टणटण वाजत होता.

"सर, तुमचे हात," ताई हळूच म्हणाल्या.

बाई कंपनीच्या होत्या, पण डोळे उघडे ठेवून आल्या होत्या. "ही कॉफी जरा मशीनवर तपासू या का?" त्या म्हणाल्या. नाही म्हणायची कोणाचीच हिंमत झाली नाही.

मशीनने कागद बाहेर टाकला. चव, वास आणि रंग देणारं जवळपास सगळं गायब. कॅफीन मात्र जागच्या जागी. जागच्या जागी कसलं, मुळात होतं त्याहून थोडं जास्तच.

"जास्त कसं?" बाईंनी विचारलं.

साचेवाला कागद उलटासुलटा करून बघत होता, म्हणून ताईंनीच सांगितलं. क्लोरोफॉर्ममध्ये जन्मलेला साचा क्लोरोफॉर्ममध्येच माणसं ओळखतो. पाण्यात टाकला की पाणीच त्याच्या खड्ड्यांत शिरून बसतं आणि कॅफीनला जागा मिळत नाही. वर चवीचे, वासाचे तेलकट रेणू पाण्याला कंटाळून पावडरीला जिथे जागा मिळेल तिथे चिकटतात. साचा बनवताना वापरलेलं थोडं कॅफीन आत अडकून राहिलं होतं, तेही पाण्याने बाहेर काढलं.

"म्हणजे यांनी सरांच्या कपात कॅफीन घातलं," बाई म्हणाल्या.

सरांना काही बोलायचं होतं, पण त्यांचे दात वाजत होते.

बाईंनी पर्स उचलली. साचेवाल्याच्या डोळ्यांसमोर एकदम सासरे उभे राहिले आणि त्याला जोर आला. "मॅडम, पण पावडर कॅफीन पकडते हो. अगदी नेमकं पकडते. मी हजारदा करून बघितलंय."

"कशातून?"

"क्लोरोफॉर्ममधून."

बाई दाराकडे जाता जाता वळल्या. "आणि क्लोरोफॉर्ममध्ये कॅफीन येतं कुठून?"

साचेवाल्याने ताईंकडे बघितलं. ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

"मीच घालतो," तो म्हणाला.