गवेआबांनी बसल्या जागी केलेला गोल

मुलांनो, ही गोष्ट मी सांगायची नव्हती. तांबूने मला तसं बजावलं होतं. पण ज्या क्लबपासून ती लपवायची आहे, तिथली मंडळी स्वतःच्या इतिहासाशिवाय दुसरं काही ऐकत नाहीत. म्हणून सांगते. फक्त फार मोठ्याने हसू नका.

एका जंगलात एक फुटबॉल क्लब होता. त्याचं नाव करवंदमाळ स्पोर्टिंग. सगळं जंगल त्याच्यावर जीव टाकायचं. पिल्लं डोळे उघडायच्या आधी क्लबची घोषणा शिकत.

क्लबचे अध्यक्ष होते कासवतात्या. प्रत्येक सामन्याआधी ते क्लबचा इतिहास सांगत. पहिला चषक गवेआबांनी कसा जिंकून दिला, इथपासून सुरुवात. आबांनी चेंडू कपाळाने असा मारला की तो जाळं फाडून गेला आणि अजून सापडलेला नाही. मग साळिंदरमावशी. त्यांनी अंतिम सामन्यात चेंडू अडवला आणि अडवता अडवता फोडलासुद्धा. तात्या काहीही गाळत नसत. ऐकता ऐकता पाहुणा संघ पेंगायला लागे. काही चषक क्लबला असेही मिळाले होते.

या क्लबची एक रीत होती. ज्याने मोठा सामना जिंकून दिला, त्याचा लाकडी पुतळा करायचा आणि मैदानात जिथून त्याने पराक्रम केला, तिथेच उभा करायचा. आणि त्याला हार घालून, पहिल्या रांगेत खुर्ची देऊन, खेळातून निवृत्त करायचं.

"स्वतःच्या पुतळ्यासमोर चेंडू चुकवणं बरं दिसत नाही," तात्या म्हणत.

पुतळे सुतारमामा नावाचा सुतारपक्षी कोरायचा. त्याला कधी काम कमी पडलं नाही.

असे मोसम गेले. पहिली रांग भरत गेली. मैदानही भरत गेलं. संघ मात्र रिकामा होत गेला, कारण ज्यांना गोल करता येत होता ते सगळे खुर्चीवर होते. उरले ते ज्यांना करता येत नव्हता ते. उजव्या बगलेला गोगलगाय होती. मागच्या मोसमात तिला पुढे धाव म्हणून सांगितलं होतं, ती अजून वाटेत होती.

आणि एक होती तांबू. ती भेकर होती, लहानशी, लाल अंगाची. तिला पुतळ्यांच्या मधून चेंडू नेत धावायला फार आवडायचं. चषकाचं तिला विशेष काही नव्हतं. धावणं असलं की झालं.

त्या वर्षी अंतिम सामना नदीकाठ संघाशी होता. जिंकलो तर चषक. नाही जिंकलो तर क्लब पहिल्या गटातून दुसऱ्या गटात, म्हणजे पुढचे सगळे सामने दलदलीत.

सामन्याच्या सकाळी सुतारमामा तांबूकडे आला. त्याने दोरीने तिची मापं घ्यायला सुरुवात केली.

"हे काय?" तांबूने विचारलं.

"आज गोल करणार तूच. दुसरं आहे कोण? मान जरा वर धर बघू."

"आणि मग?"

"मग काय, हार आणि खुर्ची. आबांच्या शेजारचीच रिकामी आहे. ते जरा घोरतात, पण माणूस चांगला."

तांबू वानरसरांकडे गेली. ते संघाचे प्रशिक्षक. "सर, गोल केला आणि खुर्ची नको म्हटलं तर चालेल?"

"अगं, सन्मान नको म्हणतेस? तात्यांना काय वाटेल?"

"मग गोल नाही केला तर?"

वानरसर डोकं खाजवत म्हणाले, "मग दलदल. तिथे तुझे पाय पोटापर्यंत रुततील. धावायचं विसर."

म्हणजे गोल केला तर धावणं बंद. नाही केला तरी बंद. तांबूने सामन्याआधीचा सगळा इतिहास डोळे मिटून ऐकला. सगळ्यांना वाटलं, केवढी निष्ठा.

टिटवीबाई पंच होत्या. त्यांना शिट्टी लागत नसे. त्या ओरडल्या आणि सामना सुरू झाला.

नदीकाठची पाणमांजरं चपळ होती, पण दर चार पावलांवर कुठल्या ना कुठल्या महान खेळाडूवर आपटत होती. गोल कुणाचाच होईना. शेवटची काही मिनिटं उरली. तेवढ्यात चेंडू तांबूकडे आला. ती निघाली. साळिंदरमावशींच्या पुतळ्याला वळसा, एका पाणमांजराच्या डोक्यावरून उडी, आणि समोर उघडा गोल. गोलरक्षक पाय घसरून पडला होता.

कडेला सुतारमामा चोच घासत बसला होता. वानरसर आधीच हार उलगडत होते.

तांबू थांबली. गोलाच्या समोर, थोडा डावीकडे, गवेआबांचा पुतळा होता. तिने वळून चेंडू थेट पुतळ्याच्या कपाळावर मारला. टण्ण आवाज झाला. चेंडू जाळ्यात गेला.

टिटवीबाई ओरडल्या. "गोल. शेवटचा स्पर्श गवेआबा. नोंद आबांच्या नावावर."

पाणमांजरांचा कप्तान चिडला. "पुतळा कधीपासून खेळाडू झाला?"

कासवतात्या सावकाश पुढे आले. "आबा या संघातून कधी गेलेलेच नाहीत, असं मी आजच भाषणात सांगितलं. तेव्हा तुम्ही सगळे हरकत न घेता ऐकत होता."

झोपलो होतो असं सांगायची पाणमांजरांना लाज वाटली.

पहिल्या रांगेत खरे गवेआबा जागे झाले. सगळे त्यांना खांद्यावर घ्यायला गेले आणि वजन पाहून परत आले.

"आबा, या वयात कसं काय जमवलंत?" वानरसरांनी विचारलं.

"सवय," आबा म्हणाले.

पण आता रीतीचा प्रश्न आला. गोल केला पुतळ्याने. म्हणजे पुतळ्याचा पुतळा करायला हवा.

"नाही जमणार," सुतारमामा म्हणाला. "तो हुबेहूब याच्यासारखाच होईल. लोक म्हणतील, जुनाच पुसून आणला."

तात्यांनी बराच विचार केला. मग निर्णय दिला. "पुतळा तयार आहेच. नुसता निवृत्त करा."

म्हणून पुतळ्याला हार घातला, मैदानातून उपटला आणि आबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवला. आबांना शेजारी आवडला. तो मधे बोलत नसे.

मैदानात एका पुतळ्याएवढी जागा झाली. तिथे गरकन वळता येतं का, ते तांबू करून पाहत होती.

पुढच्या मोसमात साळिंदरमावशींच्या पुतळ्याच्या पाठीवरून गोल झाला. मग आणखी कुणाच्या गुडघ्यावरून. एकेक पुतळा सन्मानाने बाहेर गेला. क्लब इतके चषक कधीच जिंकला नव्हता. तात्यांच्या भाषणात आता एक नवा भाग आहे, 'ज्येष्ठांचं सुवर्णयुग'. त्यात तांबूचा उल्लेखही येतो. 'या वेळी मैदानावर एक भेकरही उपस्थित होती.'

ती अजून धावते. मैदान आता बरंच मोकळं झालं आहे.

तात्पर्य: मुलांनो, चांगलं काम जरूर करावं, पण ते आपण केलं हे कुणाला कळू देऊ नये, नाहीतर ते पुन्हा करू देत नाहीत. आपल्या यशापुढे नेहमी एखाद्या थोर व्यक्तीचं कपाळ धरावं. शक्यतो लाकडाचं, कारण ते दुखत नाही. आणि एवढं करूनही कुणी हार घेऊन आपल्याच दिशेने येताना दिसलं, तर आपण लगेच

"ऋजू, अगं किती वेळ बोलत बसलीस? पानं घेतली आहेत."

आले, आई. तर आपण लगेच