देवमाशाचा दाखला

सस्तन प्राण्यांचा धडा मुलांना नीट समजावा म्हणून शिक्षण कार्यालयाने प्रत्येक शाळेला एकेक जिवंत सस्तन प्राणी द्यायचं ठरवलं, आणि करवंडीच्या शाळेच्या वाट्याला देवमासा आला. शेजारच्या दोन गावांना शेळी आणि वटवाघूळ मिळालं होतं. चौथीच्या लवटेबाईंनी पोचपावतीवर 'एक, मादी, जिवंत' असं लिहून सही केली आणि क्रेनवाल्याला मैदान दाखवलं.

धडा चांगला झाला. बाईंनी मुलांना रांगेने नेलं. डोक्यावरच्या भोकातून गरम वाफ सुटायची, त्यावरून फुप्फुसं कळली. कातडीला हात लावल्यावर ऊब कळली. हनुवटीवर सात राठ केस होते, ते मुलांनी मोजले. तिचं पिल्लू दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेला मंजूर झालं होतं, त्यामुळे दूध मातीतच गळत होतं. तो मुद्दा बाईंना वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी कातडीला भेगा पडल्या. मुलं घरून तांब्या-तांब्याने पाणी आणून ओतू लागली, पण गावालाच टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. बाई तालुक्याला गेल्या. पशुसंवर्धनवाल्यांनी सस्तन प्राणी म्हणून कडब्याच्या वीस पेंढ्या मंजूर केल्या. पाणी त्यांच्याकडे नव्हतं. ते मत्स्य विभागाकडे होतं.

"नावातच मासा आहे," तिथले कोळेकर साहेब म्हणाले. "तुम्ही वर्गशिक्षिका. मासा असल्याचा दाखला द्या, उद्याच टाकी आणि टँकर लावतो."

"साहेब, तो मासा नाही. तेच तर शिकवतेय मी."

"मग कडबा घेऊन जा."

बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. जीव वाचत असेल तर एका शब्दाने काय बिघडतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. सही करताना मात्र त्यांना तेजल शिंत्रे आठवली. वर्गातली ही मुलगी शाळा सुटली तरी मादीच्या डोळ्याजवळ बसून राहायची.

टाकी आली, टँकर आले. पाण्यात गेल्यावर मादीने अंग सैल सोडलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी कोळेकर साहेब पाहणीला आले आणि त्यांनी माणसांना लोखंडी झाकण बसवायला सांगितलं.

"माशाची टाकी उघडी ठेवत नाहीत. उन्हाने पाणी उडतं."

"तिला श्वासासाठी वर यावं लागतं, साहेब."

"कुणाला?"

"माशाला," बाई म्हणाल्या.

साहेबांनी फायलीतून दाखला काढला. "माशाला कल्ले असतात, बाई. खाली सही तुमचीच आहे ना?"

झाकण पाण्याला टेकून बसलं, कुलूप लागलं, गाडी गेली. थोड्या वेळाने पत्र्यावर खालून धडका बसू लागल्या. बाईंनी कुलपावर दगड घातले. तेजलनेही घातले. कुलूप चांगल्या प्रतीचं होतं. दिवेलागणीच्या सुमारास धडका थांबल्या.

परीक्षेत प्रश्न आला: देवमासा हा मासा आहे की सस्तन प्राणी? कारण लिहा. तेजलने लिहिलं, 'सस्तन. कारण ती पाण्यात बुडून मेली.'

मुख्याध्यापक इनामदार सरांनी तो पेपर बाईंसमोर ठेवला. "कागदोपत्री तो मासा आहे. हे उत्तर बरोबर दिलंत तर तुमचा दाखला खोटा ठरतो. मग चौकशी तुमची होणार."

बाईंची अकरा वर्षं नोकरी शिल्लक होती. त्यांनी ते उत्तर दोनदा वाचलं आणि लाल पेनाने त्यावर फुली मारली.

पेपर मिळाल्यावर तेजल जागेवर उभी राहिली. "बाई, मग ती मेली कशानं?"

बाईंनी पुस्तक उघडलं आणि मुलांना पक्ष्यांचा धडा काढायला सांगितलं. पक्षी अजून यायचा होता.